घरची हार्ड डिस्क : लिखाण टिकते, यंत्र मोडते

मागील अंकात इन्व्हर्टरच्या बॅटरीची निगा कशी राखावी, हे आपण पाहिले. त्यानंतर बऱ्याच घरांतून एकच विचारणा वेगवेगळ्या शब्दांत आमच्यापर्यंत आली. "लग्नाचे व्हिडिओ, मुलांचे फोटो, जमिनीचे कागद स्कॅन करून सगळे एका हार्ड डिस्कवर टाकले आहे. डिस्क कपाटात कुलपात आहे. आता निर्धास्त राहायला हरकत नाही ना?" हा लेख त्याच प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो. हरकत आहे. का आहे आणि त्यावर उपाय काय, हे नीट समजून घेण्यासाठी ती डबी आतून कशी चालते हे पाहावे लागेल.

पूर्वी घरातल्या आठवणी चार ठिकाणी विखुरलेल्या असत. फोटोंचा अल्बम पेटीत, निकाहची व्हिडिओ कॅसेट कपाटावर, कागदपत्रे ट्रंकेत, आखातातून आलेली पत्रे अम्मीच्या उशाखाली. एकाला वाळवी लागली तरी बाकीचे वाचत. आता अल्बमचे फोटो मोबाइलवर काढून घेतले, कॅसेट स्टुडिओत देऊन उतरवून घेतली, कागद स्कॅन झाले आणि सगळे तळहाताएवढ्या एका डबीत जाऊन बसले. सोय मोठी झाली, पण जोखीमही एका जागी आली. सातबाराचा उतारा पुन्हा काढता येतो. मार्कशीटची दुय्यम प्रत बोर्ड देते. पण दादीने नातवाला गोष्ट सांगताना केलेले रेकॉर्डिंग गेले, तर त्याची दुय्यम प्रत कोणत्याच कचेरीत मिळत नाही.

तबकडीवर काय लिहिले जाते?

हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या चकचकीत गोल तबकड्या असतात, एक किंवा अनेक. त्या अॅल्युमिनियमच्या किंवा काचेच्या असतात. त्यांच्यावर चुंबकीय मिश्रधातूचा अत्यंत पातळ थर असतो. यात कोबाल्ट मुख्य, जोडीला क्रोमियम आणि प्लॅटिनम. या थरात डोळ्यांना न दिसणारे असंख्य कण असतात आणि कणांचा प्रत्येक लहानसा गट म्हणजे जणू एक चिमुकले लोहचुंबक. त्याचे उत्तर टोक वर किंवा खाली, अशा दोनच दिशांना ठेवता येते. डिस्कचे सगळे लिखाण या दोन दिशांवर चालते.

शाळेत आम्ही मुलांना यासाठी अक्षराचे उदाहरण देतो. संगणकाला अक्षर ओळखता येत नाही. त्याला फक्त शून्य आणि एक कळतो. उर्दूचा अलिफ हल्लीच्या सर्वमान्य पद्धतीने लिहिला तर ११०११००० १०१००१११ असा होतो, म्हणजे सोळा आकडे. मराठीचा अ त्याच पद्धतीने चोवीस आकडे घेतो : १११००००० १०१००१०० १००००१०१. फोटो असो, आवाज असो की कागद, शेवटी सगळ्याची अशीच शून्य-एकची लांबलचक माळ होते. ही माळ डिस्कमधले यंत्र त्या चिमुकल्या चुंबकांच्या दिशांमध्ये उतरवते. वाचताना दिशा कोठे पालटली आणि कोठे तशीच राहिली, हे टिपून माळ पुन्हा जुळवते. सोबत थोडे जास्तीचे आकडे हिशेबासाठी लिहिलेले असतात. एखाद-दुसरा आकडा चुकीचा वाचला गेला तर त्यांच्यावरून तो दुरुस्त होतो. आपण बेरीज उलट बाजूने करून ताळा पाहतो, तसेच हे.

किती दाट लिहिले जाते याचा अंदाज घ्या. आजच्या मोठ्या डिस्कमध्ये एका चौरस इंचात सुमारे एक लाख कोटी शून्य-एक बसतात. याची सुरुवात १९५६ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने केली. रॅमॅक नावाच्या त्या संगणकाच्या डिस्क यंत्रात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात आणि साठवण सुमारे ५० लाख अक्षरांची. आज मोबाइलने काढलेला एकच फोटो साधारण तेवढी जागा खातो. एवढी दाट अक्षरे वाचायला तितकेच तीक्ष्ण डोळे लागतात. ते मिळाले आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग या शास्त्रज्ञांच्या १९८८ मधील शोधामुळे. चुंबकाच्या दिशेतला बारीक फरकसुद्धा विजेच्या प्रवाहात मोठा फरक करून दाखवेल असे पातळ थर कसे रचता येतात, हे त्यांना वेगवेगळे काम करताना आढळले. त्यासाठी २००७ साली दोघांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

केसापेक्षा हजारो पटींनी लहान अंतर

आता यंत्राकडे वळू. मेजावरच्या संगणकातली तबकडी बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेते. लॅपटॉपमधली किंवा खिशात मावणारी डिस्क ५४०० फेरे. मोठ्या तबकडीची कड ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने पळते, आपल्या एसटीपेक्षा कितीतरी जास्त. तबकडीवर एक बारीक दांडी पुढे-मागे सरकते. तिच्या टोकाला वाचण्या-लिहिण्याचे हेड असते. तबकडी फिरू लागली की तिच्याबरोबर हवाही फिरते आणि हेड त्या हवेवर तरंगते. चालू डिस्कमध्ये हेड तबकडीला टेकत नाही, टेकूही नये.

तरंगते ते किती उंचीवर? काही नॅनोमीटर. माणसाच्या केसाच्या जाडीचे दहा हजार काप केले, तर त्यातला एक काप होईल त्याहूनही कमी. धुराचा कण, बोटाचा ठसा, धुळीचा कण हे या अंतराच्या मानाने डोंगर आहेत. म्हणून डिस्क कारखान्यात धूळविरहित खोलीत जोडतात. बऱ्याच डिस्कच्या झाकणावर एक बारीक छिद्र असते आणि ते झाकू नका अशी सूचना असते. त्यातून आतला-बाहेरचा हवेचा दाब सारखा राहतो आणि छिद्रामागची गाळणी धूळ अडवते. त्यावर स्टिकर चिकटवू नये.

हेड तबकडीला धडकले तर काय होते, हे आता वेगळे सांगायला नको. वरचा थर खरवडला जातो. खरवडलेली भुकटी आतच उडते, दुसरीकडे हेडखाली येते आणि तिथेही ओरखडा पडतो. जिथला थर गेला तिथले लिखाण कायमचे गेले. बाकी लिखाण जागेवर असते, पण वाचणारे यंत्र मोडलेले असते.

कोलंबिया यानातली डिस्क

१ फेब्रुवारी २००३ या दिवशी कोलंबिया हे अंतराळयान पृथ्वीवर परतताना वातावरणात तुटले. आपल्या करनालच्या कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी त्यात गेले. यानाचे तुकडे अमेरिकेच्या टेक्सास राज्यात आणि आसपास दूरवर विखुरले. त्यात काही महिन्यांनी एक हार्ड डिस्कही मिळाली. झेनॉन वायूचा घट्टपणा कसा बदलतो, हे अंतराळात मोजणाऱ्या एका प्रयोगाच्या नोंदी तिच्यावर होत्या. डिस्कचे प्लास्टिकचे भाग जळाले होते, झाकणाचा बंद जागेवर राहिला नव्हता आणि आत माती शिरली होती. पाहणाऱ्याला तो काळवंडलेला लोखंडाचा तुकडाच वाटला असता.

ती डिस्क क्रोल ऑनट्रॅक या माहिती परत मिळवून देणाऱ्या कंपनीकडे गेली. तिथल्या जाणकारांनी तबकड्या काढल्या, साफ केल्या, दुसऱ्या चांगल्या यंत्रात बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के लिखाण परत वाचले. तबकडीला काही ठिकाणी इजा झाली होती, पण डिस्क अर्धवटच भरलेली होती आणि इजा बहुतेक रिकाम्या भागात होती. २००८ साली त्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. प्रयोग करणारे हात राहिले नाहीत, पण त्यांचे काम जगाला मिळाले.

घरच्या डिस्कसाठी यातून घ्यायचा धडा असा. आग आणि आकाशातून पडणे यांतूनही चुंबकीय लिखाण वाचू शकते. नाजूक असते ते वाचणारे यंत्र : हेड, दांडी, मोटर आणि खालची विजेची पट्टी. घरात डिस्क जाते तेव्हा बहुतेकदा यंत्र गेलेले असते, लिखाण तिथेच असते. म्हणून दोन कामे आपल्या हातात उरतात. यंत्राला जपणे हे पहिले. आणि यंत्र मोडलेच तर घाईने लिखाणही पुसले जाईल असे काही न करणे, हे दुसरे.

कशाने बिघडते?

धक्का : चालू डिस्कचा हा पहिला शत्रू आहे. बंद डिस्कचे हेड तबकडीवरून बाजूला, आपल्या जागी जाऊन बसलेले असते. तेव्हा लहानसा धक्का ती सहसा सोसते. चालू असताना टेबलावरून खाली पडली, कोणी वायरीत पाय अडकवला किंवा कॉपी चालू असताना उचलून दुसऱ्या खोलीत नेली, तर हेड तबकडीवर आपटू शकते. डिस्क चालू असेल तेव्हा ती सपाट, घट्ट जागी ठेवा. गादीवर, सोफ्याच्या हातावर किंवा टीव्हीच्या मागे लोंबकळत ठेवू नका. बंद केल्यावरही तबकडी थांबायला काही सेकंद लागतात. तेवढे थांबून मगच उचला.

वीज : आपल्याकडे वीज जाते आणि येताना उसळी मारून येते. लिहीत असताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहते. कोणती फाइल कोठे आहे, याची डिस्कवर जी यादी असते, तीही कधी बिघडते. उसळीने तर विजेची पट्टीच जळू शकते. मेजावरच्या संगणकाला यूपीएस लावावा. वळवाच्या दिवसांत कडकडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवावा, नुसते बटण बंद करून भागत नाही.

मध्येच ओढून काढणे : कॉपी शंभर टक्के झाली असे पडद्यावर दिसले, तरी संगणकाने काही भाग आपल्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवलेला असू शकतो. डिस्क सुरक्षितपणे काढण्याची सूचना पडद्यावर देऊन, होकार आल्यावरच वायर काढावी. या कामाला दोन सेकंद लागतात आणि नेमके तेच दोन सेकंद आपण वाचवायला बघतो.

उष्णता : बहुतेक डिस्कना चालताना ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंतची मर्यादा दिलेली असते. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत संगणकाच्या बंद पेटीत एवढे तापमान सहज होते. उन्हात लावलेल्या गाडीतही डिस्क विसरू नये. पंख्याची जाळी महिन्यातून एकदा साफ करावी, पेटी भिंतीला चिकटवून ठेवू नये.

ओल आणि पाणी : कोकणातल्या पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, तिथे विजेच्या पट्टीवर गंज चढणारच. डिस्क झाकणाच्या घट्ट डब्यात, ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी घालून ठेवावी. बाहेरच्या दमट हवेतून वातानुकूलित खोलीत किंवा उलट नेली, तर लगेच जोडू नये. तासभर थांबावे, म्हणजे आत दव धरले असेल तर ते उडून जाईल. २०२१ च्या जुलैत चिपळूण आणि महाडच्या घरांत पुराचे पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यावरचे संगणकही पाण्यात गेले. पाण्यात गेलेली डिस्क चालू करून पाहू नये. उन्हात किंवा ड्रायरने वाळवूही नये, कारण गढूळ पाण्यातली माती वाळून तबकडीला चिकटते. ओलसर असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून लवकरात लवकर जाणकाराकडे न्यावी.

आवाज : हे वाचून अनेकांना नवल वाटेल, पण आवाज म्हणजे कंपनच. २०१६ च्या सप्टेंबरात रोमानियाची राजधानी बुखारेस्ट इथे आयएनजी बँकेच्या संगणक केंद्रात आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी झाली. नळ्यांतून वायू सुटताना इतका मोठा आवाज झाला की त्या कंपनाने डझनावारी हार्ड डिस्क बिघडल्या आणि बँकेची सेवा कित्येक तास बंद राहिली. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी २०२२ साली आणखी एक किस्सा जाहीर केला. जॅनेट जॅक्सन यांचे 'रिदम नेशन' हे गाणे लावले की काही जुने लॅपटॉप बंद पडत, कारण गाण्यातला एक सूर त्यांच्या डिस्कच्या नैसर्गिक कंपनाशी जुळत असे. शेवटी कंपनीने तो सूर गाळणारी सोय आवाजाच्या यंत्रणेत बसवली. आपल्या घरी एवढे होणार नाही. पण मोठ्या स्पीकरच्या डोक्यावर चालू डिस्क ठेवण्याची सवय काही घरांत आहे, ती सोडावी.

चुंबक : याची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त आहे. फ्लॉपीच्या काळात ती खरी होती. फ्रिजवर लावतात त्या चुंबकाने हार्ड डिस्क पुसली जात नाही. दांडी हलवण्यासाठी डिस्कच्या आतच त्याहून कितीतरी जोरकस चुंबक बसवलेले असतात. लिखाण पुसण्यासाठी खास बनवलेली प्रबळ यंत्रे असतात, ती वेगळी.

आणि वय : यातले काही झाले नाही तरी मोटर झिजते, हेड थकते. डिस्कचा एक दिवस ठरलेला असतो, फक्त तारीख आपल्याला माहीत नसते.

बिघडल्यावर काय करू नये?

डिस्क जाण्याआधी पुष्कळदा खुणा देते. नेहमी लगेच उघडणारा फोल्डर मिनिटभर लावू लागतो. डिस्क पडद्यावर दिसते आणि गायब होते. संगणक वारंवार तपासणीची सूचना देतो. अशा वेळी दुरुस्तीच्या फंदात न पडता आधी सगळ्यांत मोलाच्या फाइल दुसरीकडे उतरवाव्यात. सिनेमे आणि गाणी शेवटी.

ठराविक अंतराने टक-टक असा आवाज येत असेल तर मात्र कॉपीचाही प्रयत्न करू नये, लगेच बंद करावी. हेडला आपली जागा सापडत नाही, ते पुन्हा पुन्हा शोधते आहे, असा त्याचा अर्थ. चालू ठेवलेल्या प्रत्येक मिनिटाला ओरखडे वाढण्याचा धोका असतो.

आमच्या शाळेतल्या एका पालकांच्या घरी असेच झाले. भाच्याच्या निकाहचे सगळे रेकॉर्डिंग असलेली डिस्क टक-टक करू लागली. शेजारच्या हुशार मुलाने मोबाइलवर व्हिडिओ पाहून स्क्रू काढले, झाकण उघडले आणि दांडी बोटाने सरकवून पाहिली. नंतर ती डिस्क शहरातल्या जाणकारांकडे गेली. त्यांनी भिंगाखाली पाहून सांगितले, "न उघडता आणली असती तर बरेच काही मिळाले असते." मुलाचा हेतू चांगला होता. पण धूळविरहित खोलीत करायचे काम पंख्याखाली झाले. कोलंबियाची डिस्क वाचली आणि ही गेली, यातला फरक एवढाच.

म्हणून चार गोष्टी कटाक्षाने टाळा. झाकण उघडू नका. डिस्क ठोकून पाहू नका. फ्रीजरमध्ये ठेवू नका, त्याने आत दव धरते. आणि त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कची विजेची पट्टी काढून नुसती लावू नका. बऱ्याच डिस्कच्या पट्टीवरील चिपमध्ये त्याच डिस्कच्या खास नोंदी असतात, त्या दुसऱ्या पट्टीवर नसतात. जाणकारांचा खर्च हजारांत जातो आणि हमी कोणी देत नाही. तेव्हा तिच्यावर जे आहे ते तेवढ्या मोलाचे आहे का, हे घरात बसून ठरवा. मोलाचे असेल तर पहिला हात जाणकाराचाच लागू द्या.

पुसले म्हणजे गेले का?

याची दुसरी बाजूही प्रत्येक घराने जाणून घ्यावी. आपण फाइल पुसतो तेव्हा हार्ड डिस्क सहसा लिखाण पुसत नाही, फक्त यादीतून नाव काढते आणि ती जागा मोकळी समजते. ग्रंथालयातले पुस्तक कपाटातच असावे आणि नोंदवहीतून त्याचे नाव खोडावे, तसे. नवे लिखाण त्या जागी येईपर्यंत जुने तिथेच असते. चुकून काही पुसले गेले तर डिस्कवर नवीन काहीही न टाकता थांबावे. अशी फाइल बहुधा परत मिळवता येते.

पण याच कारणाने जुना संगणक भंगारात किंवा विकायला देताना सावध राहायला हवे. घरातल्या स्त्रियांचे, मुलींचे फोटो, आधार आणि बँकेचे कागद त्या डिस्कवर असतात. साधे प्रोग्राम वापरूनही अनोळखी माणूस ते बाहेर काढू शकतो. घाईचे, म्हणजे क्विक फॉरमॅट पुरेसे नाही. पूर्ण फॉरमॅट करावे. त्याला काही तास लागतात, कारण हल्लीच्या विंडोजमध्ये ते सगळीकडे शून्ये लिहीत जाते. डिस्क बंदच पडली असेल तर ती काढून घरी ठेवावी आणि उरलेला संगणक द्यावा.

नव्या लॅपटॉपमध्ये तबकडीऐवजी एसएसडी असते. तिच्यात फिरणारे काही नाही, म्हणून धक्क्याची भीती कमी. पेन ड्राइव्ह आणि मोबाइलचे मेमरी कार्ड त्याच कुळातले. यांच्यात माहिती विजेच्या भाराच्या रूपाने राहते. वर्षानुवर्षे न जोडता ठेवले तर तो भार हळूहळू झिरपू शकतो आणि बिघाड झाला तर पुष्कळदा कसलीही खूण न देता होतो. पुसलेली फाइल एसएसडीवरून परत मिळण्याची आशाही कमी असते. तेव्हा एसएसडी घेतली म्हणजे दुसऱ्या प्रतीची गरज संपली, असे समजू नये.

दुसरी प्रत, तिसरी प्रत

दुसऱ्या प्रतीला आजवर तरी पर्याय निघालेला नाही. मोठमोठ्यांनाही हे अनुभवातून शिकावे लागले. १९९८ साली 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असताना पिक्सार कंपनीत एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाचा मोठा भाग पुसला गेला. राखीव प्रत घेण्याची व्यवस्था होती, पण ती कित्येक दिवस नीट चालत नव्हती आणि कोणी उघडून पाहिले नव्हते. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन यांच्यामुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करीत होत्या आणि चित्रपटाची एक प्रत त्यांच्या घरच्या संगणकावर होती. ती प्रत हलक्या हाताने गाडीतून कचेरीत नेली गेली.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी यासाठी एक सोपे सूत्र सांगितले आहे : तीन, दोन, एक. मोलाच्या प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर. आपल्या घरात ते असे बसवता येईल. एक प्रत संगणकावर. दुसरी कपाटातल्या हार्ड डिस्कवर. तिसरी इंटरनेटवरच्या साठवणीत, मजबूत पासवर्ड लावून. इंटरनेटवर घरचे फोटो ठेवणे पटत नसेल, तर तिसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर घेऊन ती बहिणीच्या सासरी किंवा भावाच्या घरी ठेवा. त्यांची तुमच्याकडे असू द्या. एका घरात पाणी शिरले तरी दुसऱ्या गावात प्रत कोरडी राहील.

फोटो मोबाइलवरून डिस्कवर हलवून मोबाइलमधून पुसून टाकले, तर त्याला राखीव प्रत म्हणत नाहीत. प्रत एकच राहिली, फक्त तिचे घर बदलले. हा घोटाळा फार घरांत होतो.

वर्षातून दोन दिवस यासाठी ठरवून टाका. ईदची साफसफाई घरोघर होतेच, त्यातच हे काम जोडता येईल. डिस्क जोडा, नवे फोटो भरा, जुन्यांतले चार-पाच उघडून पाहा. नुसती नावे दिसली म्हणजे फाइल शाबूत आहे असे नाही, एखादा व्हिडिओ मध्यापासून चालवून बघा. डिस्क पाच-सहा वर्षांची झाली की नवीन घेऊन तिच्यावर सगळे उतरवा. आणि काय कोठे ठेवले आहे, पासवर्ड काय, हे घरातल्या किमान दोन माणसांना माहीत असू द्या. कित्येक घरांत सगळे एकट्या मुलाला ठाऊक असते आणि तो नोकरीला परदेशी असतो.

खर्चाचा हिशेबही करून पाहा. दुसऱ्या डिस्कला लागणारे पैसे लग्नातल्या फोटोग्राफरच्या बिलापुढे फारच थोडे आहेत. बैल गेला आणि झोपा केला, असे होऊ नये. या रविवारी अर्धा तास काढा. सगळे जमणार नसेल तर निदान एक फोल्डर करा : घरातल्या वडीलधाऱ्यांचे आवाज आणि फोटो. तेवढ्याची दुसरी प्रत आधी काढून ठेवा. बाकीचे हळूहळू होईल.

पुढील अंकात मोबाइलची बॅटरी फुगते कशी आणि ती वेळीच कशी ओळखावी, याविषयी लिहू.